विज्ञानकथेतला तो भाचा कधी जाणार?

मोगरी

यंदा एका दिवाळी अंकाला कथा पाठवली होती. कराडहून सुटून कोयनेकडच्या एका वाडीत मुक्कामी जाणारी एसटी. हेळवाकच्या अलीकडे एक म्हातारी चढते. कंडक्टरबाई तिचं तिकीट काढते, तर मशीनमधून उद्याची तारीख छापून येते. कथाबीज एवढंच.

संपादकांचा फोन आला, अगदी आपुलकीनं. "कथा छान आहे ताई, पण हे होतं कसं ते कुठं सांगितलंच नाहीत. वाचक विचारतात हो. दोन परिच्छेद घाला."

घातले. कंडक्टरबाईला एक भाचा दिला, पवईच्या आयआयटीतला. तो सुट्टीला येतो, पोहे खाता खाता ते तिकीट दुमडतो आणि म्हणतो, मावशी, काळ असा दुमडला जातो. कथा छापून आली, मानधनही आलं. पण अंक हातात पडल्यावर माझाच भाचा वाचून मला घाम फुटला. बाई बिचारी स्वयंपाकघरात, आणि हा बोलतोय दीड पान.

मग माळ्यावरचे जुने अंक काढून बसले. हा भाचा घरोघरी आहे! कुठं तो निवृत्त प्राध्यापक असतो, कुठं डायरी मागे ठेवून गायब झालेला शास्त्रज्ञ. शेवटच्या पानावर हजर, खडू-फळ्यासकट. माझं म्हणणं असं की मराठी विज्ञानकथेनं हे समजावणं आता सोडून द्यावं. भुताकडे कुणी दाखला मागत नाही, मग मशीननंच काय घोडं मारलंय?

खवट आजोबा

मोगरीताई, तुमचा भाचा वाईट लिहिला गेला, एवढंच झालंय. त्यासाठी सगळ्या भाच्यांना फाशी कशाला?

जयंत नारळीकरांची पानिपतची विज्ञानकथा घ्या. गंगाधरपंत अपघातानंतर अशा मुंबईत जाऊन पडतात, जिथल्या इतिहासात 1761 ला पानिपतावर मराठे जिंकलेले आहेत. परत आल्यावर राजेंद्र देशपांडे त्यांना पुंजभौतिकी, म्हणजे क्वांटम फिजिक्स, समजावून सांगतो. तो राजेंद्र काढून टाका. उरतं काय? डोक्याला मार लागलेल्या प्राध्यापकाचं स्वप्न! 'आणि त्याला जाग आली' छापाच्या कथा आम्ही शाळेच्या हस्तलिखितात लिहीत होतो.

अडगुलं

आजोबा, ती कथा मी पुन्हा वाचली, 2025 च्या मे महिन्यात नारळीकर गेले त्या आठवड्यात. खरं सांगू? राजेंद्र काय बोलला ते आठवत नाही. आठवतो तो बखरीचा फाटका कागद. पंतांच्या खिशात राहिलेलं ते एकच पान, त्यात विश्वासरावांच्या कानाजवळून गोळी निघून जाते. आपल्याकडच्या बखरीत ती लागते. कथा तिथंच सिद्ध झाली. नंतरचं सगळं शिकवणीचं.

आणि आझाद मैदानावरची ती सभा! व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी दिसते आणि आपले पंत, आयुष्यभर अध्यक्षपदं भूषवलेले, राहवत नाही म्हणून जाऊन बसतात. लोक अंडी-टोमॅटो मारतात, कारण त्या जगात अध्यक्षीय भाषणाची प्रथाच बंद झालीय. मला विचाराल तर त्या कथेतली सर्वात मोठी कल्पनाभरारी ही! पानिपत जिंकणं एक वेळ शक्य आहे.

तळटीप

नारळीकरांना माफ होतं हो, नाव मोठं होतं. तेच दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर 'साभार परत'.

खवट आजोबा

हे मात्र साफ चूक. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केली, झालं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत पत्नी मंगलाताईंच्या हातची. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. तेव्हा नावाचा मुद्दा निकालात.

तळटीप

बरं, नावाचा मुद्दा मागे. पण साल बघा की. 1974 ला कृष्णविवर ही वस्तूच नवी, समजावणं भाग होतं. आज माझी नववीतली मुलगी जेवताना मला घटना क्षितिज, म्हणजे कृष्णविवराची परत न येण्याची सीमा, काय ते सांगते, आणि भात मात्र तसाच ठेवते. दुमडलेला कागद आणि त्यातून आरपार गेलेली पेन्सिल तर इतक्या पडद्यांवर पाहिलीय की भाच्यानं तिकीट हातात घेतल्याबरोबर वाचक पान उलटतो. म्हणून मोगरीला +१.

पिंपळावरचा

मोगरी, तुझ्या भुताच्या मुद्द्यावर अडलोय. भुताकडे दाखला का मागत नाहीत? कारण दाखला आधीच जमा आहे! पिंपळावर मुंजा म्हटलं की सोडमुंज राहिली, अपुरी इच्छा, अमावास्या, सगळं आपसूक येतं. हडळीचे पाय उलटे, हे मला आजीनं सांगितलं. रत्नाकर मतकरींच्या गूढकथेत काही सांगितलेलं नसतं असं आपल्याला वाटतं, पण निम्मं सांगून झालेलं असतं, लहानपणी, दिवे गेलेले असताना.

तिकिटाच्या मशीनला तसली आजी नाही. मग कुणीतरी सांगायला नको? मी भाच्याच्या बाजूचा आहे, फक्त त्यानं दीड पान खाऊ नये.

मोगरी

पिंपळावरचा, हे पटलं नाही असं लिहायला बसले होते आणि लिहिता लिहिता पटायला लागलं. चिडचिड होतेय.

पण मग प्रश्न बदलतो ना रे. समजावायचं की नाही हा राहत नाही. वाचकाला आधीपासून काय ठाऊक आहे, हा होतो. काळ कसा दुमडतो हे माझ्या वाचकाला ठाऊक नाही आणि मला तरी कुठं ठाऊक आहे! एसटी मात्र आम्हा दोघांनाही पाठ आहे.

काल रात्री भाचा काढला. सगळाच. आता म्हातारी आधार कार्ड पुढे करते. बायकांना अर्धं तिकीट, 75 पूर्ण झाली की फुकट, हे गाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. आणि हिला 75 पूर्ण होणार उद्या. बाई अर्ध्या तिकिटाचं बटण दाबते, मशीन शून्य रुपयांचं तिकीट काढतं, उद्याच्या तारखेचं. म्हणजे मशीन चुकलेलं नाही. ते नियमानंच चाललंय, फक्त एक दिवस पुढे.

अडगुलं

अगं बाई! हे चांगलंय. आता कसं झालं ते विचारावंसंच वाटत नाही. आजी उद्या असेल का, एवढंच डोक्यात येतं.

खवट आजोबा

अडगुलं, तुम्हाला वाटत नसेल, मला वाटतंय. मशीनला उद्याची तारीख कळली कुठून? 'नियमानं चाललंय' म्हणजे भाचा गेला आणि त्याच्या जागी महामंडळाचं परिपत्रक आलं. आणि परिपत्रकाच्या आड लपणं ही पळवाटच. विज्ञानकथा म्हणायचं तर विज्ञान दाखवा, नाहीतर सरळ चमत्कार म्हणा आणि मोकळ्या व्हा. मी माझी पायरी सोडत नाही.

मोगरी

नका सोडू. 'विज्ञानकथा' ही पाटी अंकानं लावली, मी नाही. मला नुसतं 'कथा' चाललं असतं.

साखरझोप

सगळा धागा वाचला. साहित्यातलं मला कळत नाही, पण वडील एसटीत कंडक्टर होते म्हणून विचारते. त्या बाईच्या हातात आज उद्याच्या तारखेचं तिकीट आहे, पैसे घेतलेले नाहीत आणि म्हातारी गाडीत बसलीय. पुढच्या वळणावर तपासणीवाले चढले तर? ते आधार कार्ड बघणार, आजची तारीख बघणार आणि बाईवर केस करणार. वडिलांना आयुष्यात दोनच भीती होत्या, सुट्टे पैसे आणि लाइन चेकिंग. तुमची बाई काय करते? स्वतःच्या पाकिटातून अर्ध्या तिकिटाचे पैसे भरून दुसरं तिकीट काढते का? पण मग ते दुसरं तिकीट कुठल्या तारखेचं येतं?

मोगरी

साखरझोप, थांबा. वही घेते.