देब्युसीचं ‘बो स्वार’: शास्त्रीय तालमीच्या गळ्याने कसं बसवायचं?

काळी_पाच
ऑगस्टमध्ये गिरगावातल्या एका छोट्या सभागृहात फ्रेंच संगीतकार क्लोद देब्युसीचं ‘बो स्वार’ (‘सुंदर संध्याकाळ’) हे फ्रेंच गाणं गायचंय, साथीला तिथलाच अपराइट (उभा) पियानो. तालीम ख्यालाची, सा काळी पाच (हार्मोनियमच्या सप्तकातली पाचवी काळी पट्टी). पियानोबरोबर लय सरकते, आणि ‘ए क ल स्वार ए बो’मधल्या वरच्या स्वराला गळा आवळतो. पट्टी मूळचीच ठेवावी का? उच्चार देवनागरीत लिहून घेतलेत, ते चालतील का? आणि निवेदनात ‘पंधराव्या वर्षीची रचना’ म्हणायचं का?

तीनावर_दोन
आधी लय. ३/४ चं, म्हणजे तीन-तीन मात्रांच्या गटांचं गाणं आहे. पियानोत मात्रेला तीन स्वरांची लड वाहत असते आणि तुमच्याकडे बऱ्याच जागी मात्रेला दोनच अक्षरं. एका मात्रेचे सहा भाग करा, दादऱ्यासारखे मोजा: पियानो १, ३, ५ वर, तुम्ही १ आणि ४ वर. चूक ठरलेली असते. दुसरं अक्षर ४ ऐवजी ५ वर पडतं, पियानोच्या तिसऱ्या स्वराला जाऊन चिकटतं आणि सगळी ओळ झोके खायला लागते. मांडीवर हाताने तीन, तोंडाने दोन, असं आधी शब्दांशिवाय करा. मेट्रोनोम ५० ला लावा, बसलं की ६३-६६ पर्यंत न्या. ५० वरच थांबलात तर श्वास पुरणार नाहीत.

दुसरं म्हणजे, तंबोरा लावून रियाज करू नका. मूळ पट्टी ई मेजर, म्हणजे सा पांढरी तीन. सुरुवातीला नुसता पियानो वाजतो, त्यात पहिली कॉर्ड (एकत्र येणारे स्वर) सा-ग-प आणि लगेच पुढची कोमल ग, तीव्र म, कोमल नी. दोन्हींत एकही स्वर सामाईक नाही! सा-प वर विसावायची सवय असलेला कान इथे गडबडतो आणि गायिका पहिल्याच शब्दाला कणभर खाली लागते. हार्मोनियमवर या दोन कॉर्ड आलटून पालटून दाबून धरा आणि त्यावर पहिली ओळ म्हणा.

उजवं_पेडल
साथीदारासाठी: वर सांगितलेल्या दोन कॉर्डमध्ये उजवं पेडल (स्वर घुमत ठेवणारं) सोडलं नाही तर दोन्ही ग एकमेकांवर चढतात आणि चिखल होतो. कॉर्ड बदलली की पेडल सोडून पुन्हा दाबायचं. नवा खालचा स्वर वाजल्यावर, त्याच्या क्षणभर मागून. अपराइटचं डावं पेडल हातोड्या तारांजवळ आणतं, त्याने आवाज कमी होतो, पण अगदी हळू वाजवताना स्वर गाळले जातात. त्यापेक्षा बोटांनीच हळू वाजवलेलं बरं. मधल्या पेडलला बहुतेक अपराइटांत फेल्टची पट्टी असते, त्याला हात (म्हणजे पाय) लावू नये.

ऑगस्टची हवा लक्षात घ्या. दमटपणाने पट्ट्यांमधलं फेल्ट फुगतं, पट्टी दाबल्यावर परत यायला वेळ लावते आणि अशा सलग लडीत तेच आधी जाणवतं. साउंडबोर्डही (तारांमागची लाकडी फळी) फुगतो, मधले स्वर चढतात. ट्यूनर कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी बोलवा, एसी आदल्या रात्रीपासून चालू ठेवून. एसी बंद असताना सूर लावायचा आणि संध्याकाळी एसी चालू करायचा, यात पैसे वाया.

मींड_नको
ताई, तो ‘बो’ तार सप्तकातल्या काळी तीनवर आहे. तुमच्या सा पासून मोजलात तर तारातला कोमल ध. छातीच्या आवाजात तो ओढूनच लागणार. पट्टी दोन स्वरपट्ट्या खाली, डी मेजरमध्ये घ्या, मग तोच स्वर तुमचा तार तीव्र म होतो. खर्जाकडे तुम्हाला अडचण येणार नाही. पण तिथेही खालून मींड घेत चढू नका, कण लावू नका. आधीच्या अक्षरापासूनच आवाज हलका करत न्या आणि स्वर सरळ ठेवा. ओठ ‘ओ’चे, आत जागा ‘ऑ’एवढी.

देवनागरी फक्त आठवणीपुरती. शेवटचा शब्द ‘तोंबो’ लिहिला की आपण ‘आंबा’सारखा म काढतो, ओठ मिटतात. तिथे ‘म’साठी ओठ मिटायचे नाहीत, ‘तों’चा ओ नाकातून जाऊ द्यायचा आणि ओठ फक्त ‘ब’ला मिटायचे. मालवणी किंवा कोकणी बोलणाऱ्यांना हे आपसूक जमतं. ‘झन’मधला झ ‘झाड’चा नाही, इंग्रजी ‘व्हिजन’मधला. ‘स्युर’ला जीभ ‘ई’ची, ओठ ‘ऊ’चे. जोडून म्हणायच्या जागा (यांतला झ मात्र इंग्रजी ‘झू’मधला): ‘नू नू-झां-ना-लों’, ‘ए-ला-ला-मेर’, ‘नू-झो तोंबो’. ‘रोझ’च्या शेवटच्या मुक्या स्वराला इथे स्वतःची नोट आहे, ती खाऊ नका आणि तिच्यावर जोरही देऊ नका.

शेवटच्या ओळीला भाव ओतायचा मोह होतो. नदी समुद्राला, आपण थडग्याकडे, एवढंच कवी म्हणतो, तेही तारुण्य आणि सुंदर संध्याकाळ चाखून घ्या असं सांगून झाल्यावर. ‘बो’ला उंची गाठली की तिथून उतरतच जायचं.

तीनावर_दोन
निवेदनातून वय काढा. पोल बूर्जेची ही कविता ‘लेझाव्हो’ या १८८२ च्या संग्रहातली, तेव्हा १८६२ मध्ये जन्मलेला देब्युसी विशीत होता. १८७७-७८ हे साल जुन्या याद्यांतून चालत आलंय. गाणं छापलं गेलं १८९१ मध्ये, तेवढं म्हणा.

काळी_पाच
डी मेजरची प्रत मिळाली नाही तर स्वतः उतरवून काढली तर चालेल ना? हक्कांचं काय?

उजवं_पेडल
चालेल. देब्युसी १९१८ मध्ये गेला, बूर्जे १९३५ मध्ये. आपल्याकडे मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. जुन्या छापील प्रतीवरून उतरवा, आणि साथीदाराला किमान दोन आठवडे आधी द्या. त्याची बोटं ई मेजरमध्ये बसलेली असतील तर ती सगळी नव्याने बसवावी लागतात.