मुलांना पुस्तक सुचवताना तुम्ही काय तपासता?

‘आठ वर्षांच्या मुलासाठी काहीतरी सुचवा’ म्हटलं की नावांची जंत्री मिळते. त्यातलं कुठलं पुस्तक त्या मुलाच्या हातात टिकेल, हे मात्र कळत नाही. म्हणून इथे नावं कमी आणि पारख जास्त हवी आहे. पुस्तक हातात घेतल्यावर नेमकं काय बघता, फसगत कुठे होते, ते लिहा. कथा आणि माहितीपर, दोन्ही चालतील. ‘आमच्या लहानपणी’वाल्या आठवणी नकोत.

ग्रंथपाल, बालविभाग

वय शेवटी विचारावं. आधी तीन गोष्टी: मूल स्वतः वाचणार की कुणी वाचून दाखवणार, शेवटचं पूर्ण केलेलं पुस्तक कोणतं, आणि अर्धवट टाकलेलं कोणतं. खरी माहिती तिसऱ्या उत्तरात असते. पहिल्या दहा पानांत टाकलं असेल तर भाषा जड होती किंवा पात्रांची गर्दी झाली. मध्येच टाकलं असेल तर बहुतेक प्रकरणं लांब असतात. एका बैठकीत प्रकरण संपत नाही, दुसऱ्या दिवशी धागा सापडत नाही.

पाच बोटांची चाचणी अनेकांना माहीत आहे: मधलं एखादं पान उघडायचं, अडलेल्या शब्दाला एकेक बोट, पाच झाली की पुस्तक सध्या बाजूला. मराठीत ही चाचणी अपुरी पडते. देवनागरी उच्चाराप्रमाणे लिहिली जात असल्याने मूल अर्थ न कळताही घडाघडा वाचतं. पान वाचून झालं की पुस्तक मिटून ‘काय झालं रे?’ एवढंच विचारावं. दोन वाक्यांत सांगता आलं तर पुस्तक जमलं.

भाषाशिक्षिका, प्राथमिक

जोडाक्षरविरहित पुस्तकांबद्दल सावध करते. अगदी सुरुवातीला ती लागतात, पण थोडेच दिवस. ‘म्हणाला’, ‘त्याला’, ‘माझ्या’, ‘दुसऱ्या’ या सगळ्यांत जोडाक्षर आहे. ती टाळायची म्हटलं की सगळी पात्रं ‘बोलली’, ‘बोलली’ करतात, कुणाचंच काही ‘माझ्या’ मालकीचं उरत नाही आणि भाषा लाकडी होते. मुलाला ते लगेच कळतं. त्यापेक्षा रोजच्या बोलण्यातली जोडाक्षरं असलेलं, पण वाक्यं चार-सहा शब्दांची आणि एखादी ओळ पुन्हा पुन्हा येणारी, असं पुस्तक निवडा. पुन्हा आलेली ओळ मूल अंदाजाने वाचतं, आणि त्या अंदाजातच जोडाक्षर पक्कं होतं.

छपाईही बघा. नवशिक्यासाठी अक्षर साधारण १८ ते २० पॉइंटचं, पानावर दोन ते चार ओळी, आणि ओळ अर्थाच्या जागी तुटलेली. ‘शाळे’ इकडे आणि ‘तल्या’ खालच्या ओळीत, असं असेल तर ठेवून द्या. गडद चित्रावर छापलेल्या मजकुरात अनुस्वार आणि रफार सगळ्यात आधी हरवतात. मग मूल ‘अंग’चं ‘अग’ वाचतं आणि दोष मात्र मुलाला दिला जातो.

विज्ञानपुस्तकांचा संपादक

माहितीपर पुस्तकात आधी आवृत्तीचं साल पाहा, पण तिथे थांबू नका. ‘पुनर्मुद्रण’ म्हणजे सुधारित आवृत्ती नव्हे. मुखपृष्ठ नवं आणि आत ग्रह नऊच, असं सर्रास दिसतं. प्लूटो २००६मध्ये बटुग्रह ठरला. अशा दोन-तीन खुणा लक्षात ठेवल्या की दुकानात उभ्याउभ्या निकाल लागतो. जिभेच्या टोकाला फक्त गोड आणि मागे फक्त कडू चव कळते असा नकाशा आहे का? चंद्रावरून चीनची भिंत दिसते असं लिहिलंय का? असेल तर बाकीचंही न तपासता उतरवलेलं असण्याची शक्यता दाट.

आकृत्यांचं प्रमाण हा माझा हट्टाचा विषय. सूर्य १ मीटर व्यासाचा धरला तर पृथ्वी जेमतेम ९ मिलिमीटरची आणि सूर्यापासून सुमारे १०७ मीटर दूर. हे कुठल्याच पानावर मावणार नाही, मान्य. पण आकृतीखाली ‘अंतरं प्रमाणात नाहीत’ एवढी ओळ ज्याने घातली, त्या लेखकावर विश्वास ठेवावा.

चरित्रांचंही तसंच. अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी पीनट बटरचा शोध लावला असं छापलेलं आढळतं, ते खरं नाही. त्यांची १९१६ची पुस्तिका भुईमुगाची लागवड आणि शेंगदाण्याचे १०५ खाद्यप्रकार सांगणारी आहे. बारा वर्षांपुढच्या मुलांना वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ सुचवताना ही पुस्तिकेची गोष्टही सांगावी. मग ‘हे कशावरून?’ विचारायची सवय लागते.

अनुवाद तपासणारी

‘संक्षिप्त’ हा शब्द बरेचदा छापलेलाच नसतो. मूळ पुस्तकाची प्रकरणं किती, एवढं पाहून ठेवा. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांतल्या जगप्रदक्षिणेची ३७ प्रकरणं आहेत. हातातल्या प्रतीत दहा-बारा असतील तर तो गोषवारा. गोषवारा वाईट नसतो. पण तो वाचून झाला की ‘ते वाचलंय’ म्हणून मूल पुढे पूर्ण पुस्तकाला हात लावत नाही. संवाद मोठ्याने वाचून बघा: दहा वर्षांची मुलगी ‘मी अत्यंत आनंदित झाले आहे’ म्हणत असेल तर परत फळीवर.

वाचनवर्ग घेणारी

नऊ ते अकरा या वयात मालिका द्याव्यात. ओळखीचं पात्र असलं की पहिल्या वीस पानांची चढण उरत नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे याच कारणासाठी अजून चालतो. फक्त तिसऱ्या-चौथ्या पुस्तकानंतर त्याच विषयाचं एखादं माहितीपर मध्ये सरकवावं.

‘श्यामची आई’ हातात देऊन मोकळं होऊ नये, वाचून दाखवावं. एका वेळी एकच रात्र, म्हणजे त्यातलं एकच प्रकरण. ‘श्यामचे पोहणे’पासून सुरुवात केली तरी बिघडत नाही, आईच्या आजारपणापासून पुढे मात्र क्रम मोडू नका.

ग्रंथपाल, बालविभाग

एक राहिलं. जोडपानी चित्रांचं पुस्तक घेताना ते मधोमध सपाट उघडून पाहा. चिकटबांधणीत चित्राचा मधला भाग घडीत जातो आणि नेमका तिथेच लपलेला उंदीर असतो. शिवण किंवा पिन असलेली प्रत घ्या.