सफोकमध्ये वाफेच्या इंजिनांचा जुना कारखाना बघायचाय, कुठे जावं?

नमस्कार मंडळी. जूनमध्ये बाबांना घेऊन बहिणीकडे इप्सविचला चालले आहे. बाबांची तीस वर्षं विदर्भात जिनिंग-प्रेसिंगच्या बॉयलरवर गेली. लंडनची मोठी संग्रहालयं नकोत म्हणतात; "इंजिन बनायचं ती जागा दाखव," एवढंच मागणं. हातात एकच दिवस आहे आणि त्यांचे गुडघे दुखतात. थेटफर्डला बरेल या जुन्या इंजिन-कंपनीचं संग्रहालय आहे असं वाचलं. तिथे जावं का?

प्रतिसाद १
ताई, डोळे मिटून लेस्टनला जा. तिथे रिचर्ड गॅरेट अँड सन्स यांचा वाफेच्या इंजिनांचा कारखाना होता, आता तिथे संग्रहालय आहे. १७७८ साली विळे घडवणाऱ्या भट्टीपासून सुरू झालेलं घराणं. तिसऱ्या रिचर्डने १८५१ च्या लंडन प्रदर्शनात अमेरिकन कामाची पद्धत पाहिली आणि १८५२ मध्ये 'लाँग शॉप' ही इंजिनं जोडण्याची लांबलचक इमारत उभारली. एका टोकाला इंजिनाचा सांगाडा उभा राहायचा, तो पुढे सरकत जाईल तसे वरच्या सज्ज्यांत तयार झालेले भाग खाली येऊन जोडले जायचे. फोर्डच्या मोटारींच्या जुळणी-रांगेच्या साठ वर्षं आधी! गावकरी त्या इमारतीला 'कॅथीड्रल' (मोठं चर्च) म्हणत. आत उभं राहून वर पाहा, लाकडी खांब आणि सज्जे बघून कळेल का ते.

इथली बरीचशी इंजिनं पोर्टेबल, म्हणजे स्वतः न चालणारी. घोडे जुंपून शेतावर न्यायची आणि फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या जड चाकावर) पट्टा चढवून मळणी यंत्र फिरवायचं. धुराड्याला बिजागरी असते, वाटेत ते आडवं पाडता यावं म्हणून. बाबांना ती बिजागरी नक्की दाखवा.

प्रतिसाद २
बरेलची इंजिनं देखणी, जत्रेतली तर विशेषच. पण ते संग्रहालय ठरावीक दिवशीच उघडतं. शिवाय १९२८ मध्ये थेटफर्डचा कारखाना बंद पडल्यावर बरेलची शेवटची इंजिनं लेस्टनलाच बनली. बरेल आणि गॅरेट दोघेही एकाच कंपनीसमूहात होते. १९३२ मध्ये तो समूह बुडाला, तेव्हा गॅरेटही अडकले. म्हणून माझंही मत लेस्टनलाच.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार! गाडीशिवाय जाता येईल का?

प्रतिसाद १
इप्सविचहून रेल्वेने सॅक्समंडम, पुढे टॅक्सी. लेस्टनचं स्टेशन १९६६ मध्येच बंद झालं. वेळ उरला तर जवळच ऑल्डबरा आहे. ब्रिटनमध्ये डॉक्टरकीची परवानगी मिळवणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एलिझाबेथ गॅरेट अँडरसन तिथेच वाढल्या, याच घराण्यातल्या. पण आधी लाँग शॉप. बाबांना घाई करू नका, बॉयलरपाशी त्यांना हवं तेवढं थांबू द्या.