मुलांनी झाडू घ्यावा की धोरण वाचावे?

तलावपाळीकर : विद्यार्थ्यांनी स्वच्छता मोहिमा कराव्यात, धोरणाच्या भानगडीत पडू नये, असे येथे काल एकाने लिहिले, ते वाचून राहवले नाही. ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या काठावरचा कचरा मुलांनी कितीही उचलला, तरी तो उचलण्याची जबाबदारी कोणाची, हे त्यांना कळत नाही. त्यापेक्षा नववीच्या वर्गाने एक प्रश्न निवडावा, सध्याचा नियम व तो राबवणारे खाते शोधावे, पर्याय ताडून पाहावेत आणि आपला प्रस्ताव प्रभाग समितीपुढे मांडावा.

घोडबंदरवासी : कोणापुढे? मार्च 2022 मध्ये ठाणे महापालिकेची मुदत संपली आणि नंतर कित्येक वर्षे प्रशासकच कारभार पाहत होते. माझ्या मुलीच्या शाळेत असा प्रकल्प झाला. विषय होता स्थानकाबाहेरचे फेरीवाले, निष्कर्ष ‘हटवा’, आणि तक्ता रात्री जागून मी रंगवला.

गोखले रोड : निष्कर्षात चूक काय? स्थानकापासून 150 मीटरच्या आत फेरीवाले नकोत, असे उच्च न्यायालयाने 2017 मध्येच बजावले आहे. गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन संध्याकाळी तेथून एकदा चालून दाखवा.

कोपरीची लेक : 2014 चा पथविक्रेता कायदाही वाचावा. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाला उठवता येत नाही आणि नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात. माझ्या वडिलांची भाजीची हातगाडी दोनदा उचलून नेली. पावती एकदाही मिळाली नाही. उतरताना कोथिंबिरीची जुडी मात्र तुम्हा सर्वांना तेथेच हवी असते.

गोखले रोड : मान्य, 40 टक्के तुमचे. चालणाऱ्यांसाठी पदपथाचे किती टक्के ठेवणार, तेही सांगून टाका.

कोपरीची लेक : ते पालिकेला विचारा. विक्रीक्षेत्रे आखण्याचे काम तिचे आहे, माझ्या वडिलांचे नव्हे.

तलावपाळीकर : न्यायालयाचा आदेश आणि कायदा हे दोन्ही त्या वर्गासमोर शेजारी ठेवले असते, तर ‘हटवा’ एवढ्यावर प्रकल्प संपला नसता. मुलांनी विक्रीक्षेत्रांचा नकाशा मागितला असता.

घोडबंदरवासी : मागू द्या. मात्र तक्त्याचे गुण बंद करा आणि प्रस्ताव फेटाळणाऱ्या अधिकाऱ्याने मुलांना लेखी कारण द्यावे. तेवढे होणार असेल, तर माझा विरोध मागे घेतो. होणार नाही, हे ठाऊक आहे म्हणूनच एवढा उदार झालो आहे.