'डिक्टेट' : फर्मावणे, लादणे की रेटणे?

अनुस्वार
ब्रिटनच्या राज्यव्यवस्थेवरचा एक लेख मराठीत आणतेय. त्यात म्हटलंय की पंतप्रधान मंत्रिमंडळाला धोरण 'डिक्टेट' करू शकत नाही. मी 'फर्मावू शकत नाही' लिहिलं, संपादकांनी 'लादू' केलं. लादण्यात जबरदस्ती आली. इथे प्रश्न अधिकाराचा आहे ना?

टाकबोरू
फर्मावणे फारसी. 'आज्ञापिणे' हा आपला शब्द असताना उसनवारी कशाला?

चिवडागल्ली
नाटकातले महाराज सोडले तर कोण आज्ञापितं हो? आमचे आजोबा चहासुद्धा फर्मावायचे. परके शब्द हाकलायचे तर 'कायदा'ही अरबी. मग त्या बिचाऱ्या संसदेने करायचं काय?

थेम्सकाठ
आधी तिथे काय चालतं ते बघा. एकसंध लिखित संविधान नाही, त्यामुळे पंतप्रधानाचं किती चालेल हे बहुमत आणि सहकारी किती ऐकून घेतात यावर. १९८६ मध्ये वेस्टलँड या हेलिकॉप्टर कंपनीच्या वादात संरक्षणमंत्री हेसेल्टाइन मंत्रिमंडळाच्या भर बैठकीतून उठून गेले, पंतप्रधान थॅचरबाई टिकल्या. पोल टॅक्स, म्हणजे माणशी सारखा स्थानिक कर, तोही त्यांनी आणलाच. पण १ नोव्हेंबर १९९० ला उपपंतप्रधान जेफ्री हाउ यांनी युरोपच्या प्रश्नावरून राजीनामा दिला आणि २२ तारखेला बाईंनीच पायउतार होत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे मंत्री निमूट बसतात तोवर लादता येतं! उलट पुढचे पंतप्रधान ब्लेअर युरो चलन घ्यायला अनुकूल, पण त्यांचे अर्थमंत्री ब्राउननी अर्थखात्याच्या पाच कसोट्या पुढे करून विषय अडवून धरला. पंतप्रधानांच्या घराच्या, १० डाउनिंग स्ट्रीटच्या, दारावर 'फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी' कोरलंय, तिजोरी मात्र शेजारच्या ११ नंबरवाल्या अर्थमंत्र्याकडे.

निवृत्त_कक्षाधिकारी
मग 'रेटणे' घ्या. फायलीवर तीन-तीन प्रतिकूल शेरे असायचे आणि वरून निरोप यायचा, "रेटा." विरोध आहे हे त्या शब्दातच येतं.

अनुस्वार
पण 'रेटू शकत नाही' म्हटलं तर अंगात जोर नाही असं वाटतं.

टाकबोरू
मुळात 'पंतप्रधान' तरी का? 'प्रधानमंत्री' म्हणा. पंत आले पंडितांवरून, आणि तिथे कसले पंत?

चिवडागल्ली
'प्रधानमंत्री' हिंदी बातम्यांतून आलाय. पंतप्रधान म्हणजे पेशवा, आपल्या घरचा शब्द.

टाकबोरू
बाजीरावांच्या शिक्क्यात 'मुख्य प्रधान' आहे. बघा जाऊन.

थेम्सकाठ
गंमत म्हणजे तिकडेही ही पदवी आधी टोमणाच होती. ज्याला पहिला पंतप्रधान मानतात त्या वॉलपोलने १७४१ मध्ये संसदेत सांगितलं की मी कुणी 'प्राइम मिनिस्टर' नाही! एकट्याने सगळं चालवतो, हाच तर त्याच्यावर आरोप होता.

चिवडागल्ली
मग पेशव्यांना कोण टोमणे मारत होतं?

निवृत्त_कक्षाधिकारी
ते विचारू नका, रात्र जाईल.

अनुस्वार
मंडळी, मजकूर उद्या द्यायचाय. तूर्त 'एकट्याच्या मर्जीने धोरण ठरवू शकत नाही' असं टाकतेय.

टाकबोरू
धोरण ठरवत नाहीत, आखतात.

निवृत्त_कक्षाधिकारी
आखतो आम्ही. ते जाहीर करतात.