शॉक बदलण्याआधी पाटे तपासावेत

तासगावात द्राक्षांच्या पेट्या भरल्या की पिकअप मागून बसते, म्हणून अधिक कडक शॉक (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) बसवावेत का, असे आपण विचारले आहे. वजन पेलण्याचे काम पाट्यांचे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे असते; शॉक केवळ त्यांची उसळी आवरतो, त्यामुळे गाडी बसत असेल तर आधी पाटे पाहावेत. खड्ड्यानंतर गाडी हेलकावत राहत असेल किंवा शॉकवरून तेल ओघळत असेल, तर मात्र एका अ‍ॅक्सलवरचे (डाव्या-उजव्या चाकांच्या एका जोडीचे) दोन्ही शॉक एकदम बदलावेत. फार कडक शॉक मला तरी नाजूक मालासाठी योग्य वाटत नाहीत, कारण प्रत्येक हादरा पेट्यांपर्यंत पोहोचतो आणि रिकाम्या परतीच्या वाटेवर गाडी नुसती उडते. पाटा वाढवून गाडी उंच केली असल्यास शॉकची पूर्ण ताणलेली आणि पूर्ण दाबलेली लांबी मोजूनच खरेदी करावी. बसवताना शॉकच्या टोकांच्या रबरी बुशमधून (नळीसारख्या रबरी तुकड्यातून) जाणारे बोल्ट चाके अधांतरी असताना शेवटचे आवळू नयेत. गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच आवळावेत, अन्यथा बुश कायमचा पिळलेला राहून लवकर फाटतो.