टिळकवाडीच्या अर्धसावलीत कोलंबाइन फुलेल का?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव)
आमच्या परसात फणसाखाली सकाळी दहापर्यंत कोवळे ऊन येते, नंतर दिवसभर सावली असते. काश्मीरला गेलेल्या भाचीने कोलंबाइन या थंड प्रदेशातल्या फुलझाडाचे बी आणून दिले. जूनमध्ये मी ते बोटभर खोल पेरले. एकही कोंब आला नाही, याची फार हळहळ वाटली. चिमूटभर बी उरले आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (खानापूर)
ताई, जागा चांगली आहे, पण पेरणी खोल झाली. हे काळे, चकचकीत बी तिळापेक्षाही लहान असते आणि उगवायला त्याला उजेड लागतो, म्हणून ते मातीवर नुसते दाबून ठेवावे. त्याआधी ओलसर वाळूत मिसळून, डबी बंद करून, तीन-चार आठवडे फ्रीजमध्ये ठेवावे. थंडी सरल्याची खूण मिळाल्याशिवाय बरेचसे बी जागे होत नाही. परतीचा पाऊस थांबल्यावर, नोव्हेंबरात पेरावे. सोटमूळ असल्याने रोप मोठे झाल्यावर हलवलेले त्याला सोसत नाही. जिथे वाढवायचे त्याच खोल कुंडीत पेरलेले बरे. आपल्या तांबड्या मातीत वाळू व कुजलेला पालापाचोळा मिसळावा, म्हणजे पाणी साचणार नाही.

उत्तर (निपाणी)
वरील सल्ला योग्य आहे, तरी एक गोष्ट स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. बी उगवेल, पण बियांपासून केलेले रोप बहुधा दुसऱ्या वर्षी फुलते, आणि त्याआधी वाढलेल्या रोपाला कित्येक आठवडे कडक थंडी मिळावी लागते. बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा सहसा १२ ते १५ अंशांपर्यंतच उतरतो. त्यामुळे फुलांची खात्री देता येत नाही. नाजूक, तीन-तीन दळांची पाने मात्र सुंदर दिसतात. बी आणि मुळे विषारी असल्याने लहान मुलांपासून जपावे.

प्रश्नकर्ती
आपणा दोघांचे आभार. अर्धे बी कुंडीत पेरून पाहते. फणसाखालच्या वाफ्यात मग काय लावावे?

उत्तर (खानापूर)
तेरडा लावा. तो आपल्या सह्याद्रीतलाच आहे, अर्धसावली त्याला मानवते. जूनमध्ये बी टाकल्यास गौरीपर्यंत फुलतो, आणि बोंडे तडकून पडलेल्या बियांतून पुढच्या पावसात आपोआप उगवतो.